मोटारींना मज्जाव असलेला पूल

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. त्याच्या पश्चिमेस हिल्सबरो आणि बीव्हर्टन ही उपनगरे असून, तेथील संगणक-उद्योगामुळे अनेक मराठी कुटुंबे त्या भागात स्थिरावली आहेत. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे तेथे असतील आणि उन्हाळ्यात आपणही काही महिने तिकडे जात असाल. अशा मुक्कामाहून परतलेले आजी-आजोबा दवाखान्यात येतात, तेव्हा एक वाक्य मी पुनःपुन्हा ऐकतो : "सगळे छान होते हो डॉक्टर, पण घराबाहेर पडता येत नव्हते." मुले दिवसभर कामावर आणि आपल्याला तिकडची मोटार चालवता येत नाही. चार भिंतींत बसून गुडघे आखडतात, रात्रीची झोप बिघडते, मन उदास होते. औषधाच्या गोळ्यांचा यावर फारसा उपयोग नसतो. त्यावर चालणे आणि चार माणसांत जाणे हाच खरा उपाय आहे.

म्हणून आज आपणांस याच शहरात पायी हिंडवून आणावे असा विचार आहे. या हिंडण्यात शहर आणि विद्यापीठ यांनी मिळून केलेले एक मोलाचे काम दिसते. ते आपल्या गावालाही उपयोगी पडण्याजोगे आहे.

दोनशे फुटांचे ठोकळे

उपनगरातून 'मॅक्स' नावाच्या रेल्वेने शहरात यावे. फलाटाच्या पातळीला टेकणारे, पायरी नसलेले डबे उत्तर अमेरिकेतील अशा शहरी रेल्वेत प्रथम येथेच, १९९७ साली धावू लागले. गुडघेदुखी असलेल्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांना या एका सुधारणेचे मोल सांगायला नको. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. या सवलतीचे तेथील नाव 'ऑनर्ड सिटिझन', म्हणजे सन्माननीय नागरिक, असे आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा.

शहराच्या मध्यभागी एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचे अंतर अवघे २०० फूट आहे. थकल्यास थांबायला आणि वाट बदलायला जागा लवकर सापडते. दक्षिणेकडे चालत गेल्यास उंच वृक्षांच्या छायेतील बागांची एक लांब रांग लागते. तेथे बाके आहेत आणि शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. हाच पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचा परिसर. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी ही संस्था सुरू झाली. ज्ञानाने शहराची सेवा करावी, या आशयाचे तिचे बोधवाक्य आहे.

हे बोधवाक्य येथे कसे आचरणात येते ते पाहा. वाहतुकीच्या संशोधनासाठी विद्यापीठांना केंद्रे चालवता यावीत, अशी योजना अमेरिकेच्या संसदेने १९८७ साली आखली. तिच्या आधारे पोर्टलंड स्टेटने ओरेगॉन, युटा, ॲरिझोना आणि टेक्सास या राज्यांतील विद्यापीठांना बरोबर घेऊन एक राष्ट्रीय केंद्र उभे केले. शहराच्या परिसरातील रहदारीची आकडेवारी २००४ पासून याच विद्यापीठात साठवली जाते. कोणत्या रस्त्यावर किती वाहने, ती किती वेगाने, हे नगररचनाकाराला तेथे पाहता येते. एका अभ्यासात येथील संशोधकांनी १६६ सायकलस्वारांजवळ उपग्रहाद्वारे मार्ग टिपणारी यंत्रे दिली. त्यांच्या प्रवासाचा सुमारे निम्मा भाग सायकलींसाठी सोयी केलेल्या रस्त्यांवर झाला, असे त्यातून दिसले. सुरक्षित वाट दिसली की माणूस थोडा वळसा घेऊनही तिकडे जातो, हा त्याचा साधा अर्थ.

मला सर्वांत भावलेला उपक्रम मात्र नागरिकांसाठीचा आहे. १९९१ पासून नगरप्रशासन आणि विद्यापीठ मिळून रहिवाशांसाठी वाहतुकीचा एक विनामूल्य वर्ग चालवतात. सिग्नल कसा ठरतो, पैसा कोठून येतो, निर्णय कोण घेतो, हे त्यात अधिकारी स्वतः शिकवतात. प्रत्येक विद्यार्थी आपल्या वस्तीतील एक अडचण निवडतो आणि शेवटी तिच्यावरील उपाय मांडतो. आपण नुसती तक्रार करतो तेव्हा अर्ज फायलीत पडून राहतो. शिकलेल्या नागरिकाने मोजमापासह मांडलेली अडचण बाजूला सारणे अधिकाऱ्यालाही कठीण जाते.

टेकडीवरचे रुग्णालय, नदीवरचा पूल

विद्यापीठाच्या चौकातून जाणाऱ्या स्ट्रीटकारने, म्हणजे ट्रामने, नदीकाठी जावे. तेथील टेकडीवर ओरेगॉनचे आरोग्य व विज्ञान विद्यापीठ आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. टेकडीचे रस्ते अरुंद व चढणीचे. संस्थेला वाढायचे होते, पण वर जागा नव्हती. म्हणून नदीकाठी नव्या इमारती झाल्या आणि दोन्ही भाग जोडण्यासाठी २००७ साली आकाशपाळणा सुरू झाला. त्याची मालकी शहराची आणि तो चालवते विद्यापीठ. सुमारे ३,३०० फूट अंतर आणि ५०० फूट चढ चार मिनिटांत पार होतो. स्वच्छ दिवशी समोर हिमाच्छादित माउंट हूड दिसतो. सुरुवातीच्या अंदाजापेक्षा खर्च कितीतरी वाढून ५ कोटी ७० लाख डॉलरवर गेला आणि पाळण्याखालील वस्तीने विरोधही केला. तरी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण आज एकाच पाळण्यात उभे राहून वर जातात.

खाली उतरून नदीकाठाने थोडे उत्तरेकडे चालले की तिलिकम पूल येतो. १२ सप्टेंबर २०१५ रोजी तो खुला झाला. लांबी सुमारे १,७२० फूट. यावरून रेल्वे, स्ट्रीटकार, बस, सायकल आणि पादचारी जातात. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांनाही वाट आहे, खासगी मोटारींना मात्र मज्जाव! दोन्ही बाजूंस १४ फूट रुंदीच्या वाटा असून त्यांत पायी चालणारे व सायकलस्वार यांची जागा वेगळी आखलेली आहे. तेथील मूळ रहिवाशांशी व्यवहारासाठी वापरल्या जाणाऱ्या चिनूक मिश्रबोलीत 'तिलिकम' म्हणजे लोक, आप्त. रात्री पुलावरील दिव्यांचे रंग नदीच्या पाण्याचे तापमान, वेग आणि उंची यांनुसार बदलतात. पुलाच्या पश्चिम टोकाशी तीन विद्यापीठांनी मिळून बांधलेली एक इमारत आहे. तेथे वैद्यक, औषधशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे विद्यार्थी एकाच छताखाली शिकतात.

हे शहर आदर्श आहे, असे मात्र समजू नका. रस्त्यावरील मृत्यू शून्यावर आणण्याचा संकल्प शहराने केला, पण त्यानंतरच्या वर्षांत ते वाढले. पूर्वेकडील रुंद, वेगवान रस्ते आजही पादचाऱ्यांना धोक्याचे आहेत. संशोधन कागदावर असणे आणि प्रत्येक चौकात उतरणे यांत मोठे अंतर असते.

म्हणून तेथे फिरताना तीन गोष्टी पाळाव्यात. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, तेव्हा रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे. आपली आयुष्यभराची सवय याच्या उलट आहे. उपनगरांतील अनेक चौकांत खांबावरील बटण दाबल्याशिवाय पादचाऱ्यांचा सिग्नल मिळत नाही. आणि हाताचे चिन्ह लुकलुकू लागले असेल तर ओलांडायला सुरुवात करू नये, पुढच्या फेरीची वाट पाहावी.

सेकंदाला किती फूट?

आता एक हिशेब. पादचाऱ्यांसाठी सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला ४ फूट चालतो, असे अमेरिकेत पूर्वी धरत. २००९ च्या राष्ट्रीय नियमावलीने ते प्रमाण ३.५ फुटांवर आणले. ६० फूट रुंद रस्ता ओलांडण्यास पहिल्या मापाने १५ सेकंद मिळतात, दुसऱ्या मापाने १७. पण सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे सुमारे २.६ फूट, चालणाऱ्या वृद्धाला त्यासाठी २३ सेकंद लागतात. राहिलेली ६ सेकंदे त्याने चालू रहदारीसमोर काढायची. एकदा असा धसका बसला की तो मंदिरात जाणे सोडतो, मग भाजी आणणे, मग मित्राकडे जाणे. पाय थकण्याआधी त्याचे जगच आकसते.

हे माप आपण घरीच घेऊ शकता. काळजी घेणाऱ्या व्यक्तीने जमिनीवर ४ मीटर, म्हणजे साधारण १३ फूट, अंतर खुणेने आखावे. आजी किंवा आजोबांनी दोन पावले आधीपासून नेहमीच्या चालीने चालत यावे. काठी लागत असल्यास ती घ्यावी आणि शेजारी आधाराला कोणीतरी असावे. ५ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागल्यास आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावे. स्नायूंची शक्ती घटणे, ब जीवनसत्त्वाची उणीव, दृष्टिदोष, औषधांमुळे येणारी चक्कर अशी उपाय करण्याजोगी कारणे त्यामागे असू शकतात.

दुसरे मोजमाप घराबाहेरचे. आपल्या नेहमीच्या चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल किती सेकंद टिकतो, हे कोणा तरुणाला सोबत घेऊन सुरक्षित जागेवरून पाहावे व लिहून ठेवावे. सिग्नलच नसेल तर तेही लिहावे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रकल्पासाठी विषय हवे असतात. ज्येष्ठ नागरिक संघाने आपली टिपणे घेऊन प्राध्यापकांना भेटावे आणि विद्यार्थ्यांनी काढलेले निष्कर्ष एकत्रितपणे प्रभाग कार्यालयात द्यावेत. सही केवळ आपली असेल तर ती विनंती ठरते. सोबत महाविद्यालयाचे मोजमाप असेल तर तो पुरावा होतो. पोर्टलंडमध्ये काम येथूनच सुरू झाले, आणि एवढी सुरुवात करण्यासाठी आपल्याला कोणत्याही नव्या पुलाची आवश्यकता नाही.