हैदराबाद : सगळ्या घराला दिसावं असं

मराठवाड्यातल्या आपल्या अनेक घरांत हैदराबादचं नाव लहानपणापासून कानावर पडतं. १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. कुणाचे दादा तिथे शिकले, कुणाची फुफी तिथे दिलेली. पण शहर पाहायला म्हणून जायचं, तेही बुजुर्ग आणि मुलं सोबत घेऊन, तर नुसती हौस पुरत नाही. आखणी नसेल तर जवान माणसं हिंडून येतात आणि अम्मी-अब्बा लॉजच्या खोलीत बसून राहतात. आम्ही घरातले सहा जण सुट्टीत तीन दिवस तिथे होतो. त्यातून उपयोगी वाटलेल्या गोष्टी इथे देत आहोत.

आधी स्टेशन. सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली ही तिन्ही वेगळी आणि एकमेकांपासून दूर आहेत. तिकिटावर ‘हैदराबाद डेक्कन’ लिहिलेलं असेल तर ते नामपल्ली. मुंबई-पुणे-सोलापूरकडून जाणारी हुसेनसागर एक्स्प्रेस तिथेच जाते. मुक्काम नामपल्ली किंवा अबिड्स भागात ठेवला तर जुनं शहर आणि हुसेनसागर दोन्ही सोयीचे पडतात.

दुसरी गोष्ट वाराची. जुमा मक्का मस्जिदीत अदा करावा, ही बहुतेकांची इच्छा असते. पण सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात. म्हणून ही दोन ठिकाणं गुरुवारी किंवा शनिवारी ठेवावीत. शुक्रवारी सकाळी चारमिनार पाहून वेळेआधी मस्जिद गाठावी; उशिरा गेल्यास गर्दीत मुलं सांभाळणं कठीण जातं.

चारमिनार मुहम्मद कुली कुतुबशाहने १५९१ मध्ये बांधला. त्याच्या वरच्या मजल्यावर मस्जिद आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावं. बरेच जण नुसता फोटो काढून परततात. वर जाणारा जिना अरुंद आणि गोल आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. शेजारची मक्का मस्जिद कुतुबशाही काळात सुरू झाली आणि १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात पूर्ण झाली. तिच्या आवारात काही निजामांच्या कबरी आहेत.

सालारजंगला निदान अर्धा दिवस द्यावा. सगळी दालनं एका दमात होत नाहीत. हस्तलिखित कुरआन आणि संगमरवरातली ‘व्हेल्ड रिबेका’ आधी पाहावी. दगडातूनच कोरलेली ती झिरझिरीत ओढणी पाहून आमच्या मुली किती तरी वेळ हलल्याच नाहीत. तासाचे ठोके देणाऱ्या संगीत घड्याळासमोर पाच-दहा मिनिटं आधी जाऊन बसावं. बुजुर्गांचा आरामही होतो.

गोलकोंड्याला सकाळी किल्ला उघडताच जावं. बालाहिसारपर्यंत साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, त्यामुळे बुजुर्ग मागे राहतात ते इथेच. अम्मीही चढू शकणार नव्हत्या. पण प्रवेशाजवळच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, वर बालाहिसारला ऐकू येते. पूर्वी पहारेकऱ्यांचा इशारा असाच पोहोचायचा. म्हणून अम्मींना खालीच ठेवलं, सोबत एक जण थांबला. तीन टाळ्या ठरल्या होत्या. मुलं वर पोहोचल्यावर फोन केला, खालून टाळ्या वाजल्या आणि ‘दादींची आली, दादींची आली!’ म्हणून मुलं ओरडली. उशिरा गेलात तर शेकडो टाळ्यांत आपली टाळी ओळखू येत नाही. १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला पडला, ते वर बसूनच मुलांना सांगावं. कुतुबशाहांचे मकबरे, म्हणजे सात गुंबद, इथून जवळच आहेत. तिथे बागेत सावली आहे आणि बुजुर्गांनाही सावकाश फिरता येतं.

जेवणात बिर्याणी तर होणारच. एक प्लेट बहुधा दोघांना पुरते, तेव्हा आधी विचारून मागवावी. नाश्त्याला खिचडी, खीमा आणि खट्टा घ्यावा. मुलांना आवडतो आणि दुपारपर्यंत पोट भरलेलं राहतं. लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचा भाव बेधडक करावा. मोती मात्र पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवावं. बोलण्याची अडचण पडत नाही. तिथल्या दखनीतलं ‘नक्को’ आपल्या ‘नको’चंच भावंड आहे.

तीन दिवसांत सगळं होत नाही, आणि ते व्हायलाच हवं असंही नाही. रोज दोनच ठिकाणं ठरवावीत. जोहरनंतर खोलीवर येऊन तास-दोन तास पडावं आणि संध्याकाळी हुसेनसागरच्या काठी बसावं. तिथे पायऱ्या नाहीत, घाई नाही, आणि सगळं घर एकत्र असतं. ठिकाणांची यादी करताना घरात सर्वांत हळू चालणाऱ्याला आधी विचारावं, आणि त्याच्या चालीनेच वेळापत्रक बांधावं.