लॅमिंग्टन रोड आणि चाकांवरची घरे

हुबळी शहराच्या मध्यवर्ती भागात, राणी चन्नम्मा चौकाच्या परिसरात, लॅमिंग्टन रोड हा सदैव गजबजलेला रस्ता आहे. मुंबईतील याच नावाच्या रस्त्याचे डॉ. भडकमकर मार्ग असे नामकरण होऊन गेले, आणि हुबळीचेही 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे हुब्बळ्ळी झाले. तथापि या रस्त्याने आपल्या जुन्या नावाशी असलेली सोयरीक सोडलेली नाही. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होता. मुंबईस येण्यापूर्वी, 1896 पासून 1901 पर्यंत, हेच गृहस्थ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताचे गव्हर्नर होते. तेथेही त्यांच्या नावाचे एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान 1915 साली स्थापन झाले.

क्वीन्सलँडचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात जून ते ऑगस्ट हे थंडीचे महिने. त्या दिवसांत हजारो वयस्क जोडपी घराला कुलूप लावतात आणि मोटारघर घेऊन उबदार क्वीन्सलँडची वाट धरतात. पिकल्या केसांमुळे त्यांना तिकडे ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकले भटके, असे थट्टेने म्हणतात. कॅनडातील असेच प्रवासी फ्लोरिडा व अ‍ॅरिझोनात उतरतात, तर युरोपातील स्पेन, पोर्तुगाल वा मोरोक्को गाठतात. मोटारघर म्हणजे एका मोठ्या गाडीत मांडलेला आटोपशीर संसार: निजण्याची सोय, शेगडी, पाण्याची टाकी, लहानसे न्हाणीघर आणि छपरावर विजेसाठी सूर्यकिरणांच्या पट्ट्या. जेथे थांबावे तेथे अंगण!

हिंदुस्थानातही असे प्रवासी येत आले आहेत. 1957 साली ‘इंडियामन’ नावाची बस उतारूंना घेऊन लंडनहून निघाली आणि खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्यास पोहोचली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत त्याच वाटेने पुष्कळ तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. 1979 साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि ती वाट दुष्कर झाली. पाकिस्तानातून येणारे थोडे लोक उरले होते. 2025 साली अटारीची सीमा बंद झाली, तेव्हा त्यांचाही मार्ग खुंटला. गाडी बोटीने आणण्याचा खर्चिक पर्याय मात्र असतो. गोव्याहून हंपीकडे जाणाऱ्यांना हुबळी वाटेतच पडते. धारवाडकर ज्या पौष-माघात कानटोपी शोधतो, त्याच दिवसांत येथे दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. जर्मनीच्या माणसाला हा भर उन्हाळाच वाटावयाचा!

वाचकहो, चाकांवरचे घर हा श्रीमंतांचा शोध नव्हे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी डॉक्टरने 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बनवून घेतली. केवळ हौसेखातर बांधलेल्या पहिल्या घरगाड्यांत तिची गणना होते. तिच्यामागची कल्पना मात्र रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या गाड्यांवरून आली होती. हे रोमा सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातूनच पश्चिमेकडे गेले. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात. हौशी डॉक्टरच्या गाडीचे कौतुक झाले; ज्यांची ती मूळ गाडी, त्यांना मात्र गावोगावच्या माळांवरून हुसकावण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात तर नाझींनी लक्षावधी रोमांची हत्या केली.

हा भेद परदेशापुरता नव्हता, याची साक्ष हुबळीतच मिळते. येथे ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा 1871 साली झाला, आणि 1911 च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्यानुसार विजापूर, सोलापूर, हुबळी येथे सक्तीच्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी द्यावी, परवान्यावाचून बाहेर पडू नये, असा नियम. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. हा कायदा 1952 साली रद्द झाला. वस्तीला नाव मात्र चिकटून राहिले. परवाना आजच्या हौशी प्रवाशालाही लागतो. युरोपातील बहुतेक देशांत मिळून ब्रिटिश प्रवाशाला 180 दिवसांपैकी 90 दिवसच राहता येते. पण त्याचा कागद त्याला ‘आता परत जा’ असे सांगतो, आणि परतण्यास त्याचे घर असते. सेटलमेंटमधील माणसाचा कागद त्याला ‘हलू नकोस’ असे सांगत होता.

आजही थंडीच्या आरंभी महाराष्ट्र-कर्नाटकाच्या रस्त्यांवर चाकांवरचे संसार दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते; गाडीत भांडी, धान्य, कोंबड्या, तान्ही मुले. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या पडतात, आणि उन्हाळा लागला की परतीचा प्रवास. दोघेही हिवाळा घराबाहेरच काढतात. परंतु एकाने आयुष्याची शिल्लक खर्चून हा प्रवास विकत घेतला आहे, तर दुसऱ्याला कर्ज फेडण्यासाठी तो करावा लागतो. एकाची नातवंडे शाळेत असतात. दुसऱ्याच्या मुलांची शाळा ऐन सत्रात सुटते.

हौशी प्रवाशाविषयी आकस धरावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. उतारवयात पतिपत्नींनी मिळून नवा मुलूख पाहणे ही सुंदर गोष्ट आहे. महाराष्ट्र व केरळ या दोन्ही राज्यांनी 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आखली. गाड्या उभ्या करण्यास जागा, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था असावी, असा त्यांतील विचार योग्यच आहे. चाकांवरच्या घराला काय हवे असते, हे आपल्याला नेमके ठाऊक आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. मग हीच यादी हाती घेऊन आपण उसाच्या फडाकडे का जाऊ नये? यंदाच्या हंगामात आपल्या गावाशेजारी कोप्या पडल्या, तर तेथे पिण्याचे पाणी कोठून येते, बायकांना आडोसा आहे काय आणि मुले कोणत्या शाळेत बसतात, एवढी तीन गोष्टींची विचारपूस प्रत्येक कुटुंबाला करता येईल.