तिपायी साहेब

उंची शंभर फुटांच्या घरात, पाय तीन, चाक एकही नाही. वर पितळी टोप आणि त्यात बसलेला मंगळावरचा मालक. एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधलं हे धूड पहिल्यांदा दिसतं ते विजांच्या लखलखाटात, पाइनची झाडं मोडत येताना. धार काढायची तिपाई तिरकी होऊन सुसाट सुटली तर कशी दिसेल, असं वेल्स विचारतो.

मला मात्र हा तिपायी यंत्र वाटत नाही. फिरतीवर निघालेला साहेब वाटतो. माणसांशी त्याचं वैर नाही. गाव आडवं आलं की अग्निकिरण, तोफा आडव्या आल्या की काळा विषारी धूर. काम उरकलं की वाफ सोडून तो धूर खाली बसवायचा, म्हणजे जागा पुन्हा वापरता येते! पाठीला टोपली, पकडलेली माणसं टाकायला. त्यांचं रक्त मालक थेट आपल्या नसांत घेतो.

त्याचा एक खेकड्यासारखा भाऊबंद आहे. पडक्या घरात निवेदक कोळशाच्या कोठीत दडून बसतो तेव्हा त्या यंत्राची सोंड दाराची कडी काढते, भिंत चाचपते आणि बुटाच्या टाचेला लागते. ओरडू नये म्हणून निवेदक स्वतःचाच हात चावतो. सोंड मात्र कोळशाचा एक खडा उचलून निघून जाते, बहुधा तपासायला. रागावलेल्याला इतकी सवड नसते.

कादंबरी १८९७ साली ‘पिअरसन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली. सुरुवातीलाच वेल्स गोऱ्यांनी टास्मानियात केलेल्या संहाराची आठवण देतो. १८९७ हेच साल व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचं. पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत शिरत होते, आणि महोत्सवाच्याच रात्री, २२ जूनला, चाफेकरांनी गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडला गाठलं.

इंग्रजांना वेल्सनं इतके कष्ट दिले नाहीत. शेपरटनपाशी तोफेच्या गोळ्यानं एक साहेब पडला, समुद्रात ‘थंडर चाइल्ड’ या युद्धनौकेनं आणखी दोघांना लोळवलं, हे खरं. पण बाकीच्यांचा निकाल लावला जंतूंनी. इथे मला वेल्सशी भांडावंसं वाटतं. अमेरिकेत देवीची साथ गोऱ्यांबरोबर आली आणि तिथल्या मूळ लोकांची गावंच्या गावं ओस पडली. तिथे जंतू साहेबाच्या पलटणीत होते. वेल्सनं त्यांना पक्ष बदलायला लावला आणि लंडनला स्वातंत्र्य आयतं मिळालं. राज्य गेलं, पण कुणी ते घालवलं नाही.

मुंबईत साहेबी अमलातले कितीतरी पुतळे चौकांतून उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवले. मंगळवासी जिथे उतरले त्या वोकिंगमध्ये मात्र, जिथे वेल्स स्वतः राहिला आणि कुठली गावं जाळायची ते सायकलवर हिंडून ठरवत होता, तिथे १९९८ साली चकचकीत धातूचा तिपायी उभारला गेला. भर गावात, हौसेनं.