अकरा भागांनंतर

२००४ साली निप्पॉन टीव्हीने ‘हिकारी तो तोमो नी’ ही अकरा भागांची मालिका केली. केइको तोबे यांच्या त्याच नावाच्या चित्रकथेवर ती बेतलेली. नावाचा अर्थ ‘उजेडासोबत’. सूर्य उगवताना जन्मलेला मुलगा म्हणून त्याचं नाव हिकारू. तो ऑटिस्टिक आहे हे कळल्यावर त्याची आई साचिको दिवसामागून दिवस काय करते, एवढीच गोष्ट. सासू आधी तिलाच बोल लावते, नवरा कामात बुडालेला असतो. र्‍योको शिनोहाराने साचिको केली आहे. कोलकात्यातल्या आमच्या घरी मुलगा झोपल्यावर मी रोज रात्री एक भाग पाहिला. चौथ्या भागानंतर इंग्रजी सबटायटल्स बंद केली. शब्द कळेनासे झाले. पण ती दमलीय, घाबरलीय की नुसतीच घाईत आहे, हे आवाजावरून कळत होतं. माझा मुलगा माणसं अशीच ओळखतो.

आईला बोल लावणं ही काही सासूचीच मक्तेदारी नाही. लिओ कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणं मांडून ऑटिझमला नाव दिलं. पुढे १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइमने पुस्तक लिहून त्याचा दोष थंड मनाच्या आईबापांवर, त्यातही आईवर टाकला. ते म्हणणं विज्ञानाने कधीच टाकून दिलं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते अजून भेटतं. त्यावर उतारा म्हणून पडदा आईला देवी करतो. आमच्या गल्लीतही दुर्गापूजेच्या दिवसांत कुणीतरी मला हटकून सांगतं, की तुमच्यात खरी माँ दुर्गा आहे. सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण देवीला कुणी विचारत नाही, की तू दोन तास झोप, तोवर मी बसतो त्याच्याजवळ. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’तले आईवडील थकतात, चिडतात, म्हणून ते मला अजून जवळचे वाटतात. साचिकोही त्याच घरातली.

तिला एक गोष्ट मात्र करावी लागली नाही. स्वतःची भाषा बाजूला ठेवावी लागली नाही.

मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा थेरपिस्ट म्हणाल्या, घरात मराठी, शेजारी बांगला, टीव्हीवर हिंदी, हा गोंधळ त्याला झेपणार नाही. एकच भाषा ठेवा. तेव्हा सगळीकडे हाच सल्ला मिळायचा. दोन भाषांमुळे अशा मुलांच्या बोलण्याला अपाय होत नाही, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. पण आम्हाला त्या आठवड्यात ठरवायचं होतं. शाळा इथली, सांभाळायला येणारी मावशी इथली, खाली खेळणारी मुलं इथली. आम्ही बांगला ठेवली.

माझी बांगला बाजारात शिकलेली. मासेवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी जशी बोलायचे, तशीच मुलाशी बोलू लागले. आजूबाजूच्या आया लेकरांना लाडाने ‘तुइ’ म्हणतात, मी ‘तुमि’ म्हणत राहिले. अंगाईच्या वेळी मला शब्द नसायचे, नुसतं गुणगुणायचे. सातारच्या माझ्या आईने फोनवर नातवाशी बोलायचं म्हटलं, तर मधे मी दुभाषी.

सहाव्या वर्षी तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “तुमि जोल खाबे?” बंगाल्यात पाणी पीत नाहीत, खातात. वाक्याचा अर्थ, तू पाणी पिणार का? मी मान हलवली. तो तिथेच उभा राहिला, पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्यांदा रडवेला होऊन म्हणाला. तहान त्याला लागली होती. मी त्याला जे विचारायचे, तेच शब्द जसेच्या तसे तो मागणी म्हणून परत देत होता. ‘मी’ आणि ‘तू’ची अशी अदलाबदल ऑटिस्टिक मुलांच्या बोलण्यात पुष्कळदा आढळते. त्यात माझे उच्चारही होते. मराठी वळणाची बांगला.

मग मेट्रो आली. रविवारी आम्ही जतीन दास पार्कहून दक्षिणेश्वरपर्यंत जातो आणि परत येतो. त्याला सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत. गाडीतली घोषणा तीन भाषांत होते आणि तो तिन्ही म्हणतो: ‘पोरोबोर्ती स्टेशन’, ‘अगला स्टेशन’, ‘नेक्स्ट स्टेशन’. एकाच भाषेचा आमचा नियम कोलकाता मेट्रोने कधी मोडला, कळलंही नाही. एकदा गंमत म्हणून मी पुढे जोडलं, “पुढचं स्टेशन नेताजी भवन.” आता ती चौथी ओळ झाल्याशिवाय त्याची घोषणा संपत नाही. मी विसरले तर माझ्याकडे बघत थांबतो, नाहीतर स्वतःच म्हणून टाकतो, अगदी माझ्या आवाजात. मुलाच्या तोंडून मराठी ऐकायला मला मेट्रोचं तिकीट काढावं लागतं. स्वस्तात पडतं.

येत्या श्रावणात त्याला अठरा पूर्ण होतील. ज्याला पालकाची गरज आहे, त्याचे आईवडीलही मग आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज तयार आहे. पण अर्ज आम्ही असेपर्यंतचा. मुलाने आनंदाने काम करणारा मोठा माणूस व्हावं, ही इच्छा तोबेंच्या कथेत पुन्हा पुन्हा येते. जानेवारी २०१० मध्ये तोबे गेल्या आणि चित्रकथा अपुरी राहिली. हिकारू तेव्हा माध्यमिक शाळेत होता. मोठा झालेला हिकारू मला बघायला मिळाला नाही.

म्हणून मी एक वही करते आहे. आमच्यानंतर त्याच्याजवळ जे कुणी असेल, त्याच्यासाठी. ती बांगलात लिहिते, कारण वाचणारा इथलाच असेल. अक्षर कच्चं आहे, शेजारची मुलगी चुका दुरुस्त करून देते. तो काय म्हणतो आणि त्याला काय हवं असतं, असे दोन रकाने. पहिल्या ओळीत पाणी आहे. ढाक वाजू लागला की कानांवर धरायची उशी कुठे असते, ते आहे. चाळिसावी नोंद काल केली: मेट्रोत तिन्ही घोषणा झाल्यावर तो तुमच्याकडे बघेल. तेव्हा म्हणा, ‘पुढचं स्टेशन’, आणि नाव सांगा. ही मराठी आहे. उच्चार चुकला तर तो सांगेल.