सगळेच म्हातारपण नसते

आम्ही पेशाने लिपिक. आवक-जावक, हजेरीपट आणि जमाखर्चाच्या वह्या यातच वीस-बावीस वर्षे गेली. सुटीच्या दिवशी लोकांचे रेशनकार्ड, पेन्शन, दाखले यांची कामे करून देतो. दुसऱ्यांचे अडलेले कागद मार्गी लावणाऱ्या आमच्याच घरात मात्र एका माणसाचे दुखणे दोन वर्षे अडून राहिले आणि ते आम्हाला कळले नाही. आपल्या घराघरांत म्हातारी माणसे आहेत, म्हणून ही हकीकत वाचकांच्या कानावर घालतो.

नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड तोरणमाळला आहे. सातपुड्याच्या माथ्यावरचे हे गाव शहाद्याहून सुमारे ५५ किलोमीटर, घाट चढून यावे लागते. वडील आमच्याजवळच असतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांची सारी नोकरी बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून गेली. खड्डे बुजवायचे, पावसाळ्यात दरडीची माती ओढायची आणि दिवसभर चालायचे. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी यशवंत तलावापर्यंत जाऊन आल्याशिवाय ते चहा घेत नसत.

वयाची सत्तरी ओलांडली आणि २०२१ च्या सुमारास हे चालणे बदलले. पावले लहान पडू लागली. दोन पायांत अंतर ठेवून, पाय घासत ते चालत. वळायचे झाले की जागच्या जागी सहा-सात पावले टाकत. "पाय भुईला चिकटल्यागत होतात रे," असे म्हणत. दोनदा पडले. पुढे काही महिन्यांनी लघवीचा त्रास सुरू झाला. कळ आली की मोरी गाठेपर्यंत धोतर ओले होई. त्यानंतर बोलणे मंदावले. प्रश्न विचारला की उत्तर उशिरा येई. वर्तमानपत्र समोर धरून बसत, पण पान उलटत नसत.

आम्ही काय केले? रागावलो. "आबा, जरा आधी उठत जा की!" असे लेकरांसमोर बोललो. एके दिवशी पत्नीला ट्रंकेमागे दोन ओली धोतरे सापडली. आबांनी ती लपवून ठेवली होती. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे मान खाली घातली नाही, तो स्वतःच्या घरात धोतर लपवत होता. त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली.

दवाखाने झाले नव्हते असे नाही. एका डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी प्रोस्टेटचे औषध दिले. तिसऱ्यांनी कंपवाताचे औषध चार महिने चालवले. चौथे म्हणाले, "वय झाले, आता असेच चालायचे." कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. कचेरीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, प्रत्येक जण आपल्यापुरता शेरा मारतो आणि सबंध फाईल कोणीच वाचत नाही. आबांचे तसे झाले होते. पाय एका टेबलावर, लघवी दुसऱ्या टेबलावर, विसराळूपणा तिसऱ्या टेबलावर.

२०२३ च्या पावसाळ्यात एका तरुण डॉक्टरांनी आबांना खोलीत चालून दाखवायला सांगितले. तोपर्यंत कोणीच त्यांना चालायला लावले नव्हते. वळताना पाहून त्यांनी विचारले, "लघवी कपड्यात होते का?" आम्ही चकित झालो. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला आणि मग मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. "तिथे सगळे विभाग एका छपराखाली आहेत. हे काम एकट्या डॉक्टरचे नाही," असे ते म्हणाले.

या आजाराचे नाव आहे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. आपल्या मेंदूत पोकळ्या असतात आणि त्यांत स्वच्छ पाणी असते. हे पाणी रोज सुमारे अर्धा लिटर तयार होते, पण एका वेळी साधारण १५० मिलीलिटरच असते. म्हणजे जितके जमा तितके खर्च. काही म्हाताऱ्या माणसांत हा हिशेब बिघडतो आणि पोकळ्या फुगतात. तरीही पाण्याचा दाब मोजला तर तो सहसा नेहमीइतकाच भरतो, म्हणून हे नाव. कोलंबिया देशातले डॉ. सालोमोन हाकीम यांनी हा आजार ओळखला आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील डॉ. रेमंड अ‍ॅडम्स आदींबरोबर त्यावर लेख प्रसिद्ध केला. चालणे बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे आणि बुद्धी मंदावणे ही त्याची तीन लक्षणे. बहुधा चालणे आधी बिघडते.

अडचण अशी की ही तिन्ही लक्षणे म्हातारपणात इतर कारणांनीही येतात. वयाने मेंदू आकसला तरी फोटोत पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून नुसत्या फोटोवर निदान होत नाही. मुंबईत मेंदूविकाराचे डॉक्टर, मेंदूचे सर्जन, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि वॉर्डातल्या सिस्टर या सर्वांनी मिळून आबांना तपासले. रक्तात बी-१२ आणि थायरॉईड पाहिले. लघवी करून झाल्यावर पिशवीत किती उरते, ते सोनोग्राफीने पाहिले. मान आणि कंबरेचे मणके पाहिले. घरून नेलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. त्यांतली झोपेची गोळी बंद केली.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी आबांना इंग्रजी महिने उलटे म्हणायला सांगितले. आबा गप्प. आमच्या मनात आले, झाले, आता यांना वेडात काढणार. पण बाईंनी विचारले, "बाबा, शाळा किती?" "चौथी," आबा म्हणाले. मग त्यांनी वारांची नावे उलटी विचारली, बाजारहाटाचा हिशेब घातला आणि अहिराणी समजावून द्यायला आम्हाला शेजारी बसवले. आबांनी बरीच उत्तरे दिली, फक्त वेळ लागला. कमी शिकलेल्या माणसाला शिकलेल्याच्या मापाने मोजले तर निदान चुकते, हे त्या बाईंना ठाऊक होते.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला विचारले, "आधी काय बिघडले? चालणे की आठवण?" आम्हाला सांगता येईना. तेव्हा पत्नीने पिशवीतून लेकीची जुनी वही काढली. कधी पडले, कधी कपडे ओले झाले, कधी नाव विसरले, सगळे तारीखवार लिहिलेले. आधी चालणे, मग लघवी, मग आठवण. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमची ही वही आमच्या मशीनइतकीच कामाची आहे." दफ्तर सांभाळणारे आम्ही, पण घरातली खरी नोंदवही पत्नीने ठेवली होती.

मग मुख्य परीक्षा झाली. व्हरांड्यात दहा मीटरवर खडूने रेघा मारल्या. आबा चालले. ३४ पावले, २८ सेकंद. खुर्चीतून उठून, तीन मीटर जाऊन, परत येऊन बसण्याचीही वेळ घेतली. त्यानंतर कंबरेत सुई घालून सुमारे ४० मिलीलिटर पाणी काढले. काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रेघांवर चालवले. दुसऱ्या दिवशी २२ पावले, १७ सेकंद. वळताना आबा अडखळले नाहीत. आमच्याकडे पाहून म्हणाले, "पाय सुटले रे." आम्ही व्हरांड्याच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिलो.

शेजारच्या खाटेवरच्या आजींचीही हीच परीक्षा झाली. त्यांच्यात काही फरक पडला नाही आणि मानेत मज्जारज्जू दाबला गेल्याचे निघाले. त्यांची डोक्याची शस्त्रक्रिया टळली. एका परीक्षेत फरक दिसला नाही म्हणून आजार नाहीच असेही नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणूनच सर्वांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

उपाय शस्त्रक्रियेचा. डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि मधल्या झडपेतून जादा पाणी पोटात उतरते. त्याला शंट म्हणतात. नळी तुंबू शकते, जंतू जाऊ शकतात, पाणी जास्त उतरले तर मेंदूभोवती रक्त साचू शकते, हे सर्जननी लपवले नाही. "चालणे सुधारण्याची आशा जास्त, आठवणीची कमी," असेही सांगितले. रात्रभर आम्हाला झोप आली नाही. शेवटी आबांनाच विचारले. ते म्हणाले, "मोरीपर्यंत पोहोचलो तरी पुष्कळ झाले."

२०२४ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. आज आबा काठी घेऊन तलावापर्यंत जातात. धोतर क्वचित ओले होते. आठवण मात्र फारशी सुधारली नाही. नातवाचे नाव कधी कधी चुकतात. आम्ही आता रागावत नाही. २०२५ मध्ये परदेशात ९९ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांना शंट बसवला, पण निम्म्यांची झडप पहिले तीन महिने पाणी जवळजवळ उतरणार नाही अशी ठेवली. ज्यांची झडप चालू होती त्यांची चाल स्पष्ट सुधारली, मात्र मेंदूभोवती रक्त साचण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त निघाले. आमच्या सर्जननी सांगितले होते तसेच.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. शंट आपल्या देशातही बनतात, उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट त्यांतलाच एक, आणि तो परदेशी शंटपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. शंट बसवलेल्या माणसाला डोकेदुखी, ताप, उलटी किंवा गुंगी आली, अथवा तो डोक्यावर पडला, तर वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे.

वाचक बंधुभगिनींनो, प्रत्येक अडखळणारा म्हातारा या आजाराचा नसतो. पण घरातले थोर माणूस पाय घासत चालू लागले, कपडे ओले होऊ लागले, बोलणे मंदावले, तर "वय झाले" म्हणून फाईल बंद करू नका. एक वही घ्या आणि तारीखवार लिहा. डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा आणि चालून दाखवायला सांगा. आणि त्याआधी, आजच, आपल्या घरातल्या ट्रंकेमागे एकदा बघा.