पद्मिनीचं एरियल

जुन्या गाडीला रेडिओचा अँटेना कोणता लावावा, हा काही राष्ट्रीय प्रश्न नाही. पण आमच्या वर्ध्याच्या घरात गेले दोन महिने दर विकांताला हाच विषय चालू आहे. गाडी आजोबांची, १९७४ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि डॅशबोर्डात दोन गोल बटणांचा रेडिओ. तोही फक्त मध्यम लहरीचा, म्हणजे मीडियम वेव्हचा. उजव्या मडगार्डवरची काडी कधीतरी मोडली, त्या भोकात रबरी बूच बसलं आणि रेडिओ मुका झाला. बाबांचं म्हणणं एकच, तो बोलला पाहिजे. (बाबा अजून 'एरियल'च म्हणतात. शब्द छान आहे, मीही तोच वापरतो.)

ह्या हट्टाला कारण आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्याची बातमी दिवसभर कानोकानी फिरत होती आणि संध्याकाळी नेमकी आमच्या आळीतली लाईन गेलेली. आजोबांनी गाडी दारासमोर आणली, चारही दारं उघडली आणि रेडिओ मोठा केला. अख्खी आळी गाडीभोवती उभं राहून आकाशवाणी ऐकत होती. बाबा तेव्हा दहावीत होते. मी हा किस्सा लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की आपणही तिथं उभे होतो असं कधीकधी वाटतं. असो.

तर पर्याय तीन. एक, काचेला आतून चिकटवायची फिल्म. दोन, हल्लीच्या गाड्यांच्या छतावर असतो तो माशाच्या पंखासारखा डबा. तीन, जुनी, ओढून लांब करायची काडी. मला सुरुवातीला पहिला पर्याय आवडला होता. भोक नको, गंज नको. पण फिल्म काय आणि डबा काय, दोन्ही आकाराने तोकडे. ती उणीव भरून काढायला त्यांच्यासोबत अ‍ॅम्प्लिफायर येतो आणि त्याला बिचाऱ्याला गाणं कुठलं आणि खरखर कुठली ते कळत नाही. दोन्ही सारखंच मोठं करून देतो. नव्या गाडीत हे खपून जातं. पण पद्मिनीचं इंजिन म्हणजे पॉइंट, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर. प्रत्येक ठिणगीबरोबर ते स्वतःच एक छोटं रेडिओ केंद्र चालवत असतं. शिवाय वर्ध्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेवर कुठला गोंद किती दिवस टिकेल, हा प्रश्न वेगळाच.

डबा तर बाबांनी बघताक्षणीच मोडीत काढला. "काहून रे, म्हातारीले गॉगल लावतं काय?"

मग मी इंजिनिअर असल्याचा थोडा पुरावा द्यायचं ठरवलं आणि कागद घेऊन बसलो. एरियल निवडायच्या आधी लाट निवडावी लागते. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की लाटेची लांबी मीटरमध्ये येते. नागपूर केंद्राची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे ५१२.८ मीटर. (हा आकडा बाबांना तोंडपाठ आहे, निवेदक रोज सांगायचे म्हणून.) आदर्श उभं एरियल लाटेच्या पाव लांबीचं असतं, म्हणजे इथं १२८ मीटर! गाडीवर आपण लावणार जेमतेम एक मीटर. थोडक्यात काय, तर मध्यम लहरीसाठी गाडीवरचं कुठलंही एरियल तोकडंच आणि त्यात जे लांब ते बरं. एफएमचं गणित वेगळं. १०० मेगाहर्ट्झची लाट ३ मीटरची, पाव भाग ७५ सेंटिमीटर. तिथं गाडीवरची काडी अगदी मापात बसते.

म्हणजे ओढायच्या काडीचा एक फायदा आधी माझ्या लक्षातच आला नव्हता: तिची लांबी आपल्या हातात असते. मध्यम लहर ऐकायची तर पूर्ण ओढा, उद्या एफएमचा संच बसवला तर पाऊण मीटरवर ठेवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या साध्या नळ्यांमध्ये ही सोय फुकट मिळत होती.

अर्थात एफएमचीही एक मर्यादा आहे. ती लाट साधारण सरळ रेषेत जाते. मनोरा १०० मीटर उंच आणि गाडीवरचं एरियल दीड मीटरवर धरलं, तर सपाट जमिनीवर हिशेब ४५-४६ किलोमीटरचा येतो. वर्धा नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. नागपूरहून निघालं की बुटीबोरीपर्यंत गाणी खणखणीत आणि केळझर-सेलू येईतो खरखर, हा अनुभव ह्या रस्त्यावरच्या बऱ्याच जणांना असेल. त्यात एरियलचा दोष नाही, पृथ्वी गोल असल्याचा आहे. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून चालते, म्हणून पद्मिनीच्या काळात तिचंच राज्य होतं.

पर्याय तिसरा ठरला. मग प्रश्न जागेचा. तांत्रिकदृष्ट्या सर्वात चांगली जागा छताचा मध्य. पण त्यासाठी आजोबांच्या गाडीच्या छताला भोक पाडायचं. आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "पाडून देतो नं भाऊ, पाच मिनिटांचं काम हाय. पण एकदा पाडलं का बुजत नाही, पाणी आत येईनच." बाबा काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसले की उत्तर नाही असतं.

दुसरीही एक गोष्ट होती. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नोंदणी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात सांभाळलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेली, अशी अट त्यात आहे. नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी मात्र चालवता येत नाही. आमच्या पद्मिनीने पन्नाशी ओलांडली आहे. एका भोकाने मूळ रूप बिघडतं असं नाही, पण मडगार्डवर जुनं भोक तयार असताना नवीन पाडायचं कशाला? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आता ह्या गाडीचा पत्रा सहज मिळणाऱ्यातला राहिला नाही.

जागा ठरल्यावर दोन गोष्टी राहतात, ज्यांच्याकडे दुकानदार कधीच लक्ष देत नाहीत. पहिली केबल. दुकानात मला डिश-टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडून देत होते. मी नको म्हटलं. मध्यम लहरीला आखूड काडी म्हणजे जेमतेम दहा-पंधरा पिकोफॅरडचा कपॅसिटर. त्यापुढे मीटरला १०० पिकोफॅरडची साधी केबल दीड मीटर लावली, तर ढोबळ हिशेबाने दहावा हिस्साच सिग्नल पुढे जातो. गाडीच्या एरियलची खास केबल आतून पोकळ असते, बारीक तार मोकळी सोडलेली, ती याच कारणाने. ती वापरावी आणि उगाच लांबवू नये.

दुसरी गोष्ट अर्थिंग. एरियलच्या बुडाची दातेरी चकती मडगार्डच्या आतल्या बाजूने उघड्या पत्र्यात रुतली पाहिजे. रंगावर किंवा गंजावर बसली तर सगळं मुसळ केरात. आम्ही पॉलिश पेपरने गंज काढला, चकती कसली आणि वरून ग्रीस लावलं. मग मल्टिमीटर. काडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत शून्याजवळ, प्लगच्या बाहेरच्या कड्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत शून्याजवळ आणि पिन ते कडं पूर्ण तुटलेलं. ही तीन मापं बरोबर आली की एरियल निर्दोष. शेवटी रेडिओच्या कडेला एक छोटा ट्रिमर स्क्रू असतो. क्षीण स्टेशन लावून तो आवाज सर्वात मोठा होईतो फिरवायचा.

रात्री नऊला अंगणातच रेडिओ लावला, इंजिन बंद ठेवून. रात्री मध्यम लहर वरच्या आयनांबरावरून परतते, त्यामुळे शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं येतात. सुई फिरवत गेलो. शिट्ट्या, खरखर आणि मग एक बाई, बहुधा तेलुगूत, बातम्या देत होत्या. आवाज यायचा, विरायचा, परत यायचा. बाबांना तेलुगूचं अक्षर कळत नाही. ते वीस मिनिटं हलले नाहीत.

मी त्यांना सांगितलं की प्रसारभारतीने गेल्या काही वर्षांत मध्यम लहरीचे बरेच प्रक्षेपक बंद केलेत. १९८८मध्ये नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून सुरू झालेला राष्ट्रीय चॅनलही २०१९मध्ये थांबला. म्हणजे हा रेडिओ किती वर्षं बोलेल, ते एरियलच्या हातात नाही. संचात एफएमची पट्टी बसवून घेऊ या का, असंही विचारलं.

"बसव नं," बाबा म्हणाले, "पण हे काढू नको."

इंजिन चालू केलं की टकटक अजून ऐकू येते. एरियलचा प्लग उपसून पाहिला तर ती थांबते, म्हणजे ती वायरिंगमधून येत नाही, एरियलमधूनच शिरते. त्यावर उपाय प्लगना सप्रेसर आणि बॉनेट ते बॉडी एक तांब्याची पट्टी. पुढच्या विकांताचं काम ठरलं आहे. बाबांनी बॅटरी आजच चार्जिंगला लावली आहे.