परळची वाट

आपण मुंबईला जातो ते बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी, नाहीतर पाहुण्यांकडे. पण परळची वाट कुणी हौसेने धरीत नाही. तिथे कॅन्सरचे टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे.

सकाळी त्याच्या दाराशी उभे राहून पाहा. टोपीतले वडील, नऊवारीतली आई आणि शेजारी कागदांची पिशवी सांभाळणारा मुलगा किंवा लेक. आजार आईबापाचा, पण चेहरा उतरलेला असतो मुलाचा. तंबाखू आधीच का सोडवली नाही? गाठ दिसली तेव्हाच का आणले नाही? पैसा कुठून उभा करायचा? आणि सर्वांत मोठा घोर म्हणजे, दादांना सांगायचे कसे?

पुष्कळ घरांत सांगतच नाहीत. ‘साधी गाठ आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. पण बाकावरचे इतर रोगी पाहून म्हाताऱ्याला सारे उमगते. मग बाप मुलासाठी गप्प, मुलगा बापासाठी गप्प. दुखण्याइतकाच हा अबोला माणसाला पोखरतो. म्हणून डॉक्टरांना बरोबर घेऊन, त्यांना पेलेल तेवढे, पण खरे सांगावे. घरचा कारभारही त्यांच्या हातून काढू नये. रानात यंदा ज्वारी की हरभरा, हे त्यांनाच विचारावे. हा रोग शिवल्याने होत नाही. पंगतीला त्यांचे पान वेगळे मांडू नका.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे असे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. दुसऱ्या गावचा माणूस हेच दुःख सोसतो आहे हे पाहिले की मनाला धीर येतो. त्याच्याशी बोला, रडू आले तर रडा. त्यात कमीपणा नाही.

भावंडांनी पाळी लावून घ्यावी. एकाने परळला जावे, दुसऱ्याने गुरे आणि पाणी पाहावे; दोघांचीही ती सेवाच. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात खर्चाची आणि मनाचीही अडचण सांगता येते. झोप उडाली, अन्न गोड लागेना, तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. ती सेवा मोफत आहे.

बैल थकला तर आपण त्याला सावलीत बांधतो. आईबापांची सेवा करणाऱ्या लेकरालाही तेवढी सावली द्या.